तिन्हीसांजेची क्रियापदं

१८ नोव्हेंबर

आज कुणाशी तरी भांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि घरात भांडायला कुणी मोकळं नाही. म्हणून ही डायरी काढली. बँकेने दिलेली, दोन वर्षांपूर्वीची, कोरीच पडली होती. तारखा खोडून लिहायच्या. चालेल.

परिस्थिती अशी आहे. माझी पीएच.डी.ची नोंदणी डिसेंबरअखेर संपते. मुदतवाढ घेऊन झाली, आता आणखी मिळत नाही. दहा डिसेंबरला समितीपुढे सादरीकरण आहे. ते पार पडलं तर प्रबंध जमा करता येईल. नाही पडलं तर सहा वर्षं पाण्यात, आणि मी शिरवळच्या कॉलेजात जन्मभर तासिका तत्त्वावर.

विषय आहे मराठी आणि अरावाक क्रियापदांची तुलना. अरावाक म्हणजे दक्षिण अमेरिकेतलं, ॲमेझॉनच्या खोऱ्यात पसरलेलं भाषांचं मोठं कुळ. लग्नाआधी कुणी विचारलं, मुलगी काय करते, की आमची आई 'मराठीत एम.ए. आहे' एवढं सांगून चिवडा पुढे करायची. इथं सासरी गावाला वाटतं की मला तिकडे नोकरी लागणार आहे.

मुद्दा सोपा आहे, लोक उगाच घाबरतात. या कुळातल्या बऱ्याच भाषांत कर्ता आणि कर्म क्रियापदालाच चिकटतात. जो करतो तो पुढच्या बाजूला, ज्याच्यावर होतं तो मागच्या बाजूला. 'मी तुला पाहिलं' हे सगळं एका शब्दात. आणि थंडी वाजणं, भूक लागणं असलं काही असेल तर माणूस तिथे काही करत नसतो, त्याला ते होत असतं. म्हणून तोही मागे, कर्माच्या जागी. आपणही 'मी थंडी वाजतो' कुठे म्हणतो? 'मला वाजते' म्हणतो. हे नीट मांडायचं तर एका क्रियापदाचा पूर्ण तक्ता पाहिजे. मी तुला, तू मला, तो मला, मी त्याला, असा. निम्मा तक्ता जुन्या ध्वनिमुद्रणांतून मिळालाय. उरलेला पेरूमधल्या एल्विराबाईंकडून मिळवायचा. ही भाषा त्यांची घरची. त्या शाळेत शिकवतात आणि शाळेला निघायच्या आधी मला व्हिडिओ कॉलवर वेळ देतात. तिथली सकाळ म्हणजे आमची दिवेलागण.

क्रियापद कोणतं, तर 'ठार मारणे'. मी नाही निवडलं. जुनी ध्वनिमुद्रणं शिकारीच्या गोष्टींची आहेत. त्यातली माणसं रानडुकरं मारण्यापलीकडे दुसरं काही करतच नाहीत.

परवा रविवारी यांचा फोन आला होता. हे म्हणजे आमचे हवालदार वीरधवल, मुक्काम बर्फात. म्हणाले, तुझं झालं की जंगी पार्टी. मी म्हटलं, आधी सुट्टी घेऊन या, मग पार्टीचं बघू.

२० नोव्हेंबर

पहिलंच सत्र आणि पहिलीच बोंब.

माझ्या गाईड, सांगलीच्या इनामदार मॅडम, यांचा हट्ट असा की प्रत्येक वाक्य आधी मोठ्याने मराठीत म्हणायचं, मग स्पॅनिशमध्ये, मग एल्विराबाईंचं उत्तर. सगळं एकाच ध्वनिमुद्रणात. बरं. रेंज फक्त सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत येते, म्हणून तिथेच लॅपटॉप मांडला आणि सुरू केलं. 'मी तुला ठार मारलं. तू मला ठार मारलंस. त्याने मला ठार मारलं.'

मागे काहीतरी आदळलं. बघते तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई रंगूबाई, दारात उभ्या. तेलाचं भांडं खाली, तेल माझ्या चपलेपर्यंत.

"आगं ए! काय बोलतीस? तिन्हीसांजा झाल्याती!"

"अभ्यास आहे, आत्याबाई."

"कसला आब्यास? मारलं न् मेलं! या टायमाला वास्तू तथास्तु म्हनती, कळतंय का?"

म्हणजे दिवेलागणीला घराची वास्तू कान देऊन बसलेली असते आणि माणूस जे बोलेल त्याला तथास्तु म्हणून मोकळी होते. मी सांगलीची. आमच्याकडेही हे लहानपणी ऐकलंय, पण ऐकून सोडून दिलंय. इथे सोडून देत नाहीत. आत्याबाईंनी लॅपटॉपचं झाकणच खाली दाबलं. एल्विराबाई तिकडे अर्ध्या वाक्यात गडप.

मी म्हटलं, अहो, हे व्याकरण आहे. त्या म्हणाल्या, "मग व्याकरन सकाळी कर." आपल्या सकाळी तिकडे रात्र असते, हे मी त्यांना लिंबू आणि बॅटरी घेऊन समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लिंबू घेऊन आत गेल्या.

२३ नोव्हेंबर, रविवार

तोडगा निघाला. माझ्या प्रत्येक वाक्यानंतर आत्याबाई पाठीमागून "वैऱ्याला, वैऱ्याला" म्हणणार, म्हणजे जे काही वाईट असेल ते आमच्यावर न येता वैऱ्याकडे जाणार. आता माझ्या सगळ्या ध्वनिमुद्रणांत 'वैऱ्याला' आहे. एल्विराबाईंनी विचारलं, हे मराठी क्रियापदाचं शेपूट आहे का? कपाळ माझं.

त्यात त्यांची स्वतःची तऱ्हा वेगळीच. परवाच्या सत्रात मी म्हटलं, 'मी तुला ठार मारलं' हे तुमच्या भाषेत सांगा.

"पण मी तुला मारलेलं नाही."

"उदाहरण म्हणून हो."

"तू तर समोर बसून चहा पितेयस."

"समजा ना."

"समजा कशाला? 'मी तुला काल पाहिलं' म्हणते. ते खरं आहे."

शाळेची वेळ होईपर्यंत हेच. न घडलेलं त्या बोलायलाच तयार नाहीत. शेवटी मी चिडून टिपणात लिहिलं, 'निवेदक सहकार्य करत नाही.' भाषा पुरवणाऱ्याला आमच्यात निवेदक म्हणतात.

यांचा फोन आला नाही. रेंज नसेल. बर्फ पडलं की तिकडचं सगळंच बंद. तो मुद्दा नाही. मुद्दा हा की सत्र चालू असताना आत्याबाई सारख्या येऊन विचारतात, "फोन मोकळा हाय न्हवं?" मी सांगितलं, फोनचं इंटरनेट लॅपटॉपला दिलंय, फोन आला तर येतोच. चहा ठेवून पुन्हा आल्या. "मोकळा हाय न्हवं?" एका माणसाला एकच गोष्ट किती वेळा सांगायची?

२६ नोव्हेंबर

घरात नको म्हणून वर स्लॅबवर गेले. रेंज नाही. विहिरीवर मोटारीच्या खोलीत गेले. तिथे रेंज आहे, पण मोटार चालू असली की एल्विराबाईंना वाटतं मी विमानात आहे.

तिथे मामा आले. मामा म्हणजे सासरे, सुभेदार लालासाहेब. निवृत्त होऊन वर्षं झाली, पण अजून घरात सगळ्यांची हजेरी घेतात. पाण्याच्या पाटाकडेला बसून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "पोरी, शब्द बदल की. रिपोर्टात आमी मारलं आसं कवाच लिवलं न्हाई. न्यूट्रलाइज केलं, म्हनायचं. कुनाला वाईट वाटत न्हाई."

"मॅडमना चालणार नाही, मामा."

"मग मॅडमची पोस्टिंग बदला."

घरी आल्यावर आत्याबाईंचा सल्ला निराळा. "मारन्यापरीस जेवू घाल की गं. मी तुला जेवू घातलं, तू मला जेवू घातलंस, त्यानं मला जेवू घातलं. मानसं तीच न्हवं?" खरं सांगायचं तर शास्त्रीयदृष्ट्या यात काही चूक नाही आणि म्हणूनच मला जास्त राग आला.

मामा आज पुन्हा साताऱ्याला जाऊन आले, मिलिटरी कँटीनमध्ये. साबण आणायला. परवाही साबणच आणायला गेले होते. दोन्ही वेळा हात हलवत परत. विचारलं तर म्हणाले, "लाइन हुती." या वयात मोटारसायकलवरून खंबाटकी घाट ओलांडायचा तो साबणासाठी, आणि साबण नाही. आमच्या घरात सरळ डोक्याचं माणूस मी एकटीच आहे.

३० नोव्हेंबर, रविवार. सांगली

काल माहेरी आले. म्हटलं, इथे तरी शांतपणे काम होईल. आई निवृत्त मुख्याध्यापिका. देवाला फूल वाहते तेही बागेत जास्त झालं म्हणून. काल संध्याकाळी सत्र सुरू केलं. 'मी त्याला' एवढंच तोंडातून निघालं आणि आईने टीव्ही बंद केला.

"क्रांती, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, तुला माहितीय."

"हो. मग?"

"मग काही नाही. पण घरात नको."

मी हात टेकले. लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि रिक्षाने कृष्णेच्या घाटावर गेले. पायरीवर बसले. एल्विराबाईंना ऐकू येईना म्हणून ओरडून म्हणावं लागत होतं, 'तू मला ठार मारलंस! त्याने मला ठार मारलं!' हळद पेठेतले दोन व्यापारी फिरायला आले होते, ते थांबले. त्यातले जाड होते ते पुढे येऊन म्हणाले, "ताई, असं करू नका. जे असेल त्यातून मार्ग निघतो. घरी कोण असतं?"

"व्याकरण आहे हो काका!"

ते दुसऱ्याला हळूच म्हणाले, "मनाला लावून घेतलंय." मग दोघांनी मिळून मला रिक्षात बसवलं आणि रिक्षावाल्याला बजावलं की दारात उतरून घरात शिरली का बघ, मगच नीघ. माणसं चांगली होती. माझं सत्र गेलं.

आज सकाळी मॅडमकडे गेले. 'जेवू घालणे' घेऊ का, असं विचारलं. त्यांनी चष्मा काढला. "निम्मा तक्ता एका क्रियापदाचा आणि निम्मा दुसऱ्याचा? बाहेरचे परीक्षक माझ्यासकट तुला बाहेर काढतील." मग पानं चाळत म्हणाल्या, "यात 'त्याला'ची ओळ कुठे आहे? मी त्याला, तू त्याला, त्याने त्याला?"

"राहिलीय. सोपी आहे ती."

"वीरधवलचा फोन येतो ना?"

"येईल."

मॅडम एरवी वैयक्तिक काही विचारत नाहीत. आजच कुठून सुचलं, कोण जाणे. हे पुढचं घरी पोचून लिहितेय. संध्याकाळच्या बसने परत आले. बसमध्ये फोन हातातच धरून बसले होते, पिशवीत ठेवला की चार्जिंगची वायर निघते म्हणून.

४ डिसेंबर

एल्विराबाई अखेर वळणावर आल्या. त्यांनीच युक्ती काढली. त्या एक गोष्ट सांगतात आणि गोष्टीतली माणसं एकमेकांना ही वाक्यं म्हणतात. "मी नाही म्हणत, तो म्हणतोय," असं त्यांचं म्हणणं. म्हणा बाई कुणाच्याही तोंडून, माझा तक्ता भरू दे.

आज जवळजवळ सगळा भरला. आत्याबाईंचं 'वैऱ्याला' चालूच होतं, पण मला आता ते ऐकूच येत नाही, पंख्याच्या आवाजासारखं झालंय. सत्र संपल्यावर त्या मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या आणि लॅपटॉपवरून ओवाळल्या. मग थोडा विचार करून पडद्यावरच्या एल्विराबाईंवरूनही ओवाळल्या. "परक्या मुलखातलं लेकरू, तिला कशाला ताप?" एल्विराबाई साठीच्या आहेत. मोहऱ्या कीबोर्डमध्ये गेल्या. आता 'क' दाबला की कुरकुरतो.

फक्त 'त्याला'ची ओळ राहिली. ती सोपी आहे, मुद्दामच शेवटी ठेवलीय. आज करणारच होते, पण एल्विराबाईंची कोंबडी सुटली. कोंबडी पकडून आल्या तर मला शिंका सुरू झाल्या. मग त्यांनी विचारलं, तुझा नवरा कुठे असतो? सांगितलं. त्या म्हणाल्या, "ती ओळ राहू दे आज."

मी कुठे काय म्हटलं होतं?

५ डिसेंबर

सकाळी उठले तर एल्विराबाईंचा आवाज फोनवर येऊन पडलेला. 'त्याला'ची पूर्ण ओळ, गोष्टीत घालून, न मागता पाठवली. तक्त्यात उतरवून घेतली. मराठी वाक्य ध्वनिमुद्रित करायचं राहिलंय. करेन, कधीही करता येतं ते.

७ डिसेंबर, रविवार

फोन नाही. सलग तिसरा रविवार.

संध्याकाळी मी सादरीकरणाची तालीम करत होते आणि आत्याबाईंनी पुन्हा सुरू केलं. "हळू बोल, आता न्हवं, दिवा लागू दे." मी फुटले. म्हटलं, "तुमच्या वास्तूला एवढं नीट ऐकू येतं ना? मग इतकी वर्षं तुम्ही चांगलंच बोलत आलात, त्याचं काय झालं? घाला ना साकडं तिला! आणि माझा जीव सोडा!" मामा अंगणात होते. रेडिओ बंद झाला.

आत्याबाई मेथी निवडत बसल्या होत्या, तशाच निवडत राहिल्या. देठं पानांत टाकत होत्या आणि पानं कचऱ्यात. जुडी संपल्यावर म्हणाल्या, "तुझ्याकडं ल्यापटाप हाय. मामांकडं मोटरसायकल हाय. माझ्याकडं दुसरं काय हाय गं? हितं बसून मी निस्तं तोंडच संभाळू शकती."

यात मोटारसायकलचा काय संबंध, मला कळलं नाही. पण मेथी मी पुन्हा निवडली.

मी काही खोटं बोलले नव्हते. तरी जेवण गेलं नाही.

१० डिसेंबर

सविस्तर लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

सादरीकरण ऑनलाइन. दुपारचं ठरलेलं. माझ्या आधीच्या मुलाने बखरींवर असं काही दळण दळलं की माझा नंबर यायला सूर्य मावळतीला टेकला. दुसरं काय होणार होतं? समितीतली मंडळी, बाहेरचे परीक्षक, इनामदार मॅडम, सगळे चौकोनात बसलेले. पहिला भाग बरा झाला. मग परीक्षक म्हणाले, "तक्ता वाचून दाखवा. दोन्ही भाषांत, मोठ्याने. उच्चार ऐकायचेत मला."

वाचला. मी तुला, तू मला, त्याने मला, सगळं धडाधड. मग ती ओळ आली.

'मी त्याला' म्हटलं आणि पुढे शब्द येईना. विसरले नव्हते, समोर पडद्यावर मोठ्या अक्षरांत होता.  पुन्हा म्हटलं, 'मी त्याला', आणि मला हे दिसायला लागले. माकडटोपी घातलेले, नाक लाल झालेलं, गेल्या वेळच्या फोटोतले. 

"आवाज येत नाहीये," परीक्षक म्हणाले.

"क्रांती, नेटवर्क गेलं का?" मॅडम.

"हो," मी म्हटलं. नेटवर्क ठणठणीत होतं.

सहा वर्षं माझ्या डोळ्यांदेखत चालली होती आणि मला तोंड उघडता येत नव्हतं. भीती वाटत होती. ही मी, जिने लिंबू आणि बॅटरी घेऊन पृथ्वी फिरवून दाखवली. निवेदक सहकार्य करत नाही, असं कुणाबद्दल तरी लिहिलं होतं, ते आठवलं.

मान वळवली तर आत्याबाई देवळीपाशी उभ्या. बाहेर पार अंधार पडलेला, शेजारच्या घरातले दिवे कधीच लागलेले. समईत तेल घातलेलं, वात सारखी केलेली, हातात काडेपेटी, आणि दिवा लावलेला नाही. या घरात आल्यापासून दिवा एकदाही उशिरा लागलेला मी पाहिलेला नाही. लग्नघाई असो, ताप असो, आत्याबाई वेळ चुकवत नाहीत.

हळू आवाजात म्हणाल्या, "आजून लावला न्हाई मी. दिवा लागत न्हाई तवर तिन्हीसांज हुत न्हाई. बोल तू."

"आत्याबाई, राहू दे..."

"आगं बोल की! थांबलीया न्हवं मी? आटप."

मी बोलले. मी त्याला ठार मारलं. तू त्याला ठार मारलंस. त्याने त्याला ठार मारलं. मग एल्विराबाईंचे शब्द, एकेक, स्पष्ट. परीक्षकांनी काय काय विचारलं, मी काय उत्तरं दिली, काही आठवत नाही. "प्रबंध जमा करायला हरकत नाही," हे शेवटचं तेवढं आठवतं. मॅडम चष्मा पुसत होत्या.

कॅमेरा बंद केला तेव्हा पाठीमागे काडी ओढल्याचा आवाज आला. विझली. दुसरी ओढली, तीही विझली. मी उठून त्यांचा हात धरला.  दोघींनी मिळून दिवा लावला.

मग त्या म्हणाल्या, "झालं का तुझं पास? मग आता जेव." आणि जेवण वाढताना भाजीला मीठच नव्हतं. सगळं मीठ लॅपटॉपवर गेलं असणार.

१२ डिसेंबर

मामा दुपारी साताऱ्याहून आले. साबण नाही. आज मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. उंबऱ्यात उभं राहून, सावधान उभे राहतात तसे. "वरच्या पोस्टचा रस्ता बंद हाय. वायरलेसबी लागंना. बातमी न्हाई. चांगली न्हाई न् वाईटबी न्हाई. कँटीनच्या साह्यबाची वळख हाय वर, त्यो रोज इचारतोय."

म्हणजे साबण नव्हताच कधी. सगळ्या घराला माहीत होतं, मी सोडून. आणि मी म्हणे डॉक्टर होणार.

आत्याबाई उठल्या. जाऊन गोठ्यातलं शेण काढलं, अंगण झाडलं, आधीच झाडलेलं. संध्याकाळी सोप्यात आल्या.

"आज ती बाई न्हाई व्हय?"

"काम संपलं, आत्याबाई. आता कशाला?"

"लाव तिला."

"अहो, तिची शाळा असते."

"लाव म्हनतीया न्हवं?"

लावला. एल्विराबाई केस विंचरत होत्या. आत्याबाई माझ्याजवळ पाटावर बसल्या, पहिल्यांदाच, पडद्यासमोर. पदर सारखा केला.

"इचार तिला. 'त्यो घरी आला', आसं त्यांच्यात कसं म्हनत्यात?"

मी विचारलं. मला वाटलं, आता या म्हणणार, कोण आला? कुठे आला? मला तर कुणी दिसत नाही. ज्या बाईने उदाहरणादाखल मला साधं मारून दिलं नाही, ती बाई. एल्विराबाईंनी फणी खाली ठेवली, आत्याबाईंकडे पाहिलं आणि लगेच म्हणाल्या. गोष्टीत घालून नाही, कुणाच्या तोंडून नाही. स्वतःच म्हणाल्या, 'तो घरी आला.'

आत्याबाईंनी उठून दिवा लावला. एका काडीत.

"आता तू म्हन."

मला रडू यायला लागलं होतं आणि रडू यायला लागलं की मी शिकवायला लागते. म्हटलं, "हा शब्दाचा पुढचा भाग आहे ना, तो म्हणजे 'तो'. येणं हे त्याने करायचं काम आहे, म्हणून तो पुढे लागतो. त्याला थंडी वाजली असती तर मागे..."

"पुढं का मागं, मला काय करायचंय? लावलाय न्हवं त्याला?"

"लावलाय."

"मग झालं. म्हन."

मी म्हटलं. आत्याबाईंनी माझ्यामागून म्हटलं, शेवट गिळला, मी सांगितलं तसा पुन्हा नीट म्हटला. मामा अंगणातून आत आले, टोपी काढून हातात घेतली आणि तेही म्हणाले, परेडच्या आवाजात. पडद्यावर एल्विराबाई मान हलवत होत्या. त्यांची शाळेची वेळ होऊन गेली होती.

"आजून एकदा," आत्याबाई म्हणाल्या, "न् मोठ्यानं. वास्तूला ती भाषा नवी हाय."

मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने.